दुसरं अरिष्ट

लालीबाईनं दुधाची चरवी मागच्या उंबऱ्याबाहेरच ठेवली आणि ती आत यायला तयार होईना.

"माई म्हणते एक तारखेले दूध आनू नको. तुमी म्हणता आन. म्या कोनाचं आयकू?"

"माझं ऐक," सुनीती म्हणाली.

"तुमचं आयकलं तं माई चार दिवस तोंड फुगवून राह्यते. अन् चूल तं थंडी दिसून राह्यली. कच्चं दूध पाजता का पोरीले?"

"चूल पेटणार आहे."

लालीबाईनं आत डोकावून पाहिलं. चूल कालच सारवून, राखसुद्धा काढून, कोरडी ठक्क करून ठेवलेली होती. तिनं चरवी आत सरकवली आणि पदर खोचला. "पेटवा बाप्पा. मले काय. काडेपेटी भेटली म्हंजे झालं."

वणीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. पिंपळखुटे वकिलांच्या घरी एक मेला चूल पेटत नाही. साठ साली याच तारखेला नवं राज्य झालं, विदर्भ त्यात गेला, आणि सुनीतीच्या सासऱ्यांनी, अण्णांनी, ओसरीच्या खांबाला बांबू बांधून त्यावर काळं फडकं चढवलं. घराला सुतक आहे, म्हणाले. सुतक म्हणजे देवाला दिवा नाही, चुलीला जाळ नाही, आदल्या दिवशीच्या दशम्या आणि दही. पहिल्याच वर्षी दुपारी सासूबाईंनी, माईंनी, मागच्या पडवीत गुपचूप चहा केला आणि त्याचा वास ओसरीपर्यंत गेला. तेव्हापासून तीस एप्रिलच्या संध्याकाळी अण्णा घरातल्या सगळ्या काडेपेट्या गोळा करत. चुलीजवळची, देवघरातली, स्टोव्हच्या कोनाड्यातली. त्या कोर्टाच्या काळ्या कोटाच्या खिशात टाकत, आणि दुसऱ्या दिवशी भर उन्हाळ्यात तो कोट अंगात घालून दिवसभर ओसरीवर बसत.

त्याच साठ सालच्या एक मेला, पहाटे, सरकारी दवाखान्यात सुनीतीला मुलगी झाली. नाव अण्णांनीच ठेवलं, वैदर्भी. घरात ठकू. आज ठकूला पाच वर्षं पूर्ण होत होती आणि पाच वर्षांत तिच्या तारखेला या घरात कधी तूप कढलं नव्हतं. ती एक वर्षाची झाली त्या दिवशी तिचं दूध शेजारच्या घरी तापवून आणावं लागलं होतं. भांडं फडक्यात धरून, उन्हानं तापलेल्या बोळातून, चोरासारखं. सुनीतीला त्या भांड्याचा चटका अजून बोटांवर वाटत असे.

"तिथी येतेच आहे की पाच-सहा दिवसांत," माई दह्याचं भांडं उघडत म्हणाल्या. "तिथीला कर ना शिरा. आज शनिवार, त्यात अमावास्या. अमावास्येला कोणी औक्षण करतं का?"

"ती अमावास्येला जन्मली नाही माई. एक मेला जन्मली."

"नागपूरला बी.ए.त हेच शिकवत होते का?" सुहासिनी दशमीचा तुकडा मोडत म्हणाली. सुनीतीच्या नवऱ्याची, कमलाकरची, ही मोठी बहीण दर उन्हाळ्यात पुसदहून महिनाभर माहेरी येई आणि स्वयंपाकघरातल्या एकाच पाटावर बसून घर चालवी. "सासऱ्याच्या सुतकात शिरा."

"सुतक कोणाचं आहे वन्सं? कोण गेलं?"

"राज्य गेलं."

"तुमच्याकडे पुसदला पेटते की चूल. दर एक मेला."

"आमची गोष्ट निराळी. आता मुख्यमंत्रीच आमच्या पुसदकडचे आहेत. आमच्याकडे कोण कशाला सुतक पाळेल?"

"मग हे अण्णांना सांगा ना. तुमचं ऐकतात ते."

"मी बापाशी भांडायला माहेरी येत नाही," सुहासिनी म्हणाली, आणि लोणच्याची फोड चोखत राहिली.

कमलाकर तेवढ्यात आतून आला. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, केसांना पाणी. तो वणीच्याच तहसीलीत नायब तहसीलदार होता आणि आठला कचेरीवर झेंडावंदन होतं. चपला त्याच्या हातात होत्या. नोकरीवर लागला त्या वर्षी बापलेकांचं यावरून कडाक्याचं वाजलं होतं, आणि तोड माईंनी काढली होती. त्याने जावं, पण मागच्या दारानं जावं. अण्णांना दिसलं नाही म्हणजे झालं. तेव्हापासून तो एक मेला हातात चपला घेऊन पडवीतून, गोठ्याच्या कडेनं, चिंचेखालून रस्त्याला लागे.

"आज पुढून जा," सुनीती म्हणाली.

"उगीच कशाला. उशीर होईल."

"पुढच्या दारापासून कचेरी जवळ आहे."

तो हसला. कारकुनांनी रजा मागितली की हसायचा तसं. "अगं, पाच मिनिटांची गोष्ट आहे. अण्णांचंही राहतं, माझंही राहतं."

"आणि ठकूचं?"

"तिला येताना गोळ्या आणतो." तो बाहेर पडला. पडवीच्या पायरीवर त्यानं चपला घातल्या नाहीत, त्या गोठ्यापलीकडे गेल्यावर घातल्या. सुनीतीनं ते पाहिलं. ती सगळंच पाहत असे, आणि पाहून पाहून तिच्या कपाळावर या वर्षात एक उभी रेघ पडली होती.

ती ओसरीवर गेली. अण्णा नुकतेच बांबूवर फडकं बांधून खाली उतरले होते. अंगात काळा कोट, खिसे फुगलेले, मानेवर घामाच्या धारा.

"अण्णा, एक काडेपेटी हवी होती."

"सुनबाई, हे बोलणं मागच्या आठवड्यात झालं."

"तुमचं झालं. माझं झालं नाही."

अण्णांनी कोटाच्या बाहीनं मान पुसली. "तिथीला काय हवं ते करा. मी स्वतः पेढे आणतो. पण आज नाही. जवळजवळ शंभर वर्षं राजधानी होती नागपूर. आज साध्या सहीसाठी माणसाला मुंबईची गाडी धरावी लागते. आपला कापूस, आपला कोळसा, आणि हात पसरायचे आपणच. हे मी पोराबाळांना विसरू देणार नाही."

"मी त्यावर एक शब्द बोलत नाही. तुमचं खरंही असेल. मला काडेपेटी द्या."

अण्णांनी कोटाचं वरचं बटण लावलं. मग खालचंही.

सुनीती आत वळली. ठीक आहे, शेजारून निखारे आणीन, आधी पोरीला न्हाऊ घालते, असं मनाशी म्हणत ती अंगणात गेली. उन्हाळ्यात मुलं अंगणात झोपत. सुहासिनीची दोन्ही मुलं अजून घोरत होती. मधली सतरंजी गुंडाळलेली होती. नीट, कडा जुळवून. पाच वर्षांचं मूल सतरंजी गुंडाळून ठेवत नाही.

"ठकू."

उत्तर आलं नाही. न्हाणीघर, माळा, शेजारचं अंगण. देवघराच्या मागची फट. "असेल इथेच," माई म्हणाल्या. "असेल" या शब्दाचा सुनीतीला एकदम भयंकर राग आला. आठ वाजले नव्हते तरी फरशी तापायला लागली होती. ती विहिरीकडे धावली आणि काठावर पालथी पडून खाली वाकली. खोल, खूप खोल, उन्हाळ्यानं आटलेल्या पाण्यात फक्त तिचंच डोकं होतं.



*

सुहासिनीला वाटलं होतं, पोरगी आईवर रुसून बसली असेल. बी.ए. झालेल्या आया पोरांना जास्त धाक लावतात, आणि मग पोरं लपतात. ती गोठ्याकडे गेली ती तिथे सावली होती म्हणून.

कुटाराच्या खोलीचं दार ओढून घेतलेलं होतं. बैलांसाठी ज्वारीच्या कडब्याचं कुटार करून वर्षभर त्यात भरून ठेवत. आतमध्ये अंधार आणि धूळ. सुहासिनीनं पदर नाकाला लावला.

"आत्या, दार लाव," आतून आवाज आला.

कुटाराच्या ढिगात ठकूनं खळगा केला होता आणि त्यात ती मांडी घालून बसली होती. शेजारी पितळी गडू, त्यावर वाटी झाकलेली. फडक्यात अर्धी दशमी. एका मुठीत कांदा. उन्हात जाताना कांदा जवळ ठेवावा, ऊन लागत नाही, हे तिची आई तिला दिवसातून दहादा सांगत असे.

"इथं काय करून राहिली ग तू? आई विहिरीत पाहून आली तुझी."

"सांगू नको ना तिला. लोक गेले की मी येते. मागच्या वर्षी पण आलीच होती ना."

मागच्या वर्षी. सुहासिनीला आठवलं. मागच्या एक मेला ही दुपारपर्यंत दिसली नव्हती. उन्हं कलल्यावर अंगभर कुटार घेऊन आली आणि सगळ्यांनी तिला हसून घेतलं.

"लोक गेल्यावर का?"

ठकूनं तिच्याकडे, मोठ्या माणसांना साध्या गोष्टी समजत नाहीत तेव्हा मुलं पाहतात, तसं पाहिलं. "आज मी आली होती ना. म्हणून अण्णा काळं लावतात. अण्णा म्हणतात ना सगळ्यांना, दोन अरिष्टं आली. दुसरं मी आहे."

सुहासिनीनं नाकावरचा पदर खाली घेतला.

"मी दिवसभर कोणाला दिसलीच नाही," ठकू म्हणाली, "तर पुढच्या वर्षी लावणार नाहीत. बाबा पण मागून जातात. ते माझे बाबा आहेत म्हणून त्यांना पुढून जाता येत नाही."

तो विनोद सुहासिनीला पाठ होता. एक मेला आमच्याकडे दोन अरिष्टं आली, एक मुंबईहून, एक सरकारी दवाखान्यातून. पहिल्याला इलाज नाही, दुसऱ्याला पाळण्यात घातलंय. पाळण्याच्या जागी पुढे परकर आला होता, बाकी दरवर्षी तेच. अण्णा तो ओसरीवर सांगत आणि पंधरा माणसं मांड्यांवर थापा मारत. तिनं स्वतः तो पुसदला हळदीकुंकवात सांगितला होता, अण्णांच्या आवाजात, हातवाऱ्यांसह.

"चल," ती म्हणाली.

"नाही."

"चल म्हणते ना. मी आहे."

ठकूनं गडू आधी उचलला, मग दशमी. कांदा तिनं मुठीतच ठेवला.

स्वयंपाकघरात सुहासिनीनं तिला सुनीतीपुढे उभं केलं. सुनीतीनं मुलीला छातीशी धरलं, मग लांब केलं, हातपाय चाचपले, कपाळाला हात लावून पाहिला. सुहासिनी दोन वाक्यांत सगळं बोलली.

सुनीती रडेल असं तिला वाटलं होतं. पण सुनीती माईंकडे वळली. "ऐकलंत?"

माई दह्याच्या भांड्यावर झाकण ठेवत राहिल्या. ते बसेना.

"लहान आहे ती," त्या म्हणाल्या. "विसरेल."

"पाच वर्षांत विसरली नाही. ती यंदा पाणी घेऊन गेली, माई. मागच्या वर्षी तहान लागली असणार, म्हणून यंदा पाणी घेऊन गेली." सुनीतीनं मुलीचा हात धरला. केसांतलं कुटार तिनं मुद्दाम झटकलं नाही. "चल ठकू. अण्णांकडे जायचं."

"सुनीती, बाहेर माणसं बसलीत," सुहासिनी म्हणाली.

"माहीत आहे."

*

अण्णांचं डोकं दुखत होतं. सकाळचा चहा नसला की त्यांचं डोकं दुखे, आणि वर्षातून एक दिवस ते या दुखण्याला मान देत. ओसरीवर सहा-सात माणसं जमली होती. पहिल्या वर्षी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. दरवर्षी दोन कमी होत. कोणाचा मुलगा जिल्हा परिषदेत लागला, कोणाला ठेका मिळाला. अण्णा मोजत नसत, पण रिकामी सतरंजी डोळ्यांना दिसे.

मारेगावचे डोमाजी मात्र चुकत नसत. धोतर, दंडाला काळी फीत, पोटभर आवाज.

"राजूरले कामगारांनी लाल झेंडे लावून ठेवले, कचेरीवर तिरंगा, अन् तुमच्या इथं काळा," डोमाजी म्हणत होते. "एक दिवस अन् तीन झेंडे. मानसानं सलाम मारावा तं कोनाले, वकीलसाहेब?"

"ज्याच्या घरी चहा मिळेल त्याला," अण्णा म्हणाले. "म्हणजे आज इथे मारू नका."

हशा झाला. तेवढ्यात माजघराचा पडदा सरला आणि सुनबाई ठकूला घेऊन बाहेर आली. चारचौघांत ती कधी ओसरीवर येत नसे. अण्णांना ते आधी खटकलं, मग ठकूच्या केसांतलं कुटार दिसलं आणि हसू आलं.

"या, या," डोमाजींनी हात पसरले. "हेच का ते दुसरं अरिष्ट? केवढं वाढलं वो हे."

सगळे हसले. अण्णाही हसले. त्या वाक्यावर त्यांचं तोंड आपोआप हसत असे.

ठकू हसली नाही. ती फरशीकडे पाहत, धडा म्हणावा तसं म्हणाली, "मी लपलीच होती. आत्यानं आणलं."

"कुठे लपली होतीस ते सांग अण्णांना," सुनीती म्हणाली.

"कुटाराच्या खोलीत."

"लपाछपी का ग?" अण्णांनी विचारलं.

"नाही. आज मी दिसायचं नसतं ना."

"कोण म्हणालं असं?"

ठकूनं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीतीही नव्हती. फक्त आश्चर्य होतं, की हे अण्णा विचारताहेत. "तुम्ही," ती म्हणाली. "मी आली म्हणून काळं लावता ना."

डोमाजींच्या घशात हसण्याचा उरलेला आवाज तसाच राहिला.

अण्णांनी तीस वर्षं कोर्टात उलटतपासण्या घेतल्या होत्या. साक्षीदार खोटं बोलत असला तर त्यांना बरोबर धागा सापडे. हिच्या बोलण्याला धागा नव्हता. ते खरं नव्हतं, आणि तरी त्यात एक शब्द खोटा नव्हता. आपल्याच खांद्यावर बसून ही पोर रोज संध्याकाळी श्लोक म्हणते. नाव आपण ठेवलं तिचं. ही असं कसं समजू शकते?

"अगं वेडे, ती गंमत आहे," ते म्हणाले.

"मग समजावून सांगा तिला," सुनीती म्हणाली. "त्यात हसायचं कुठे ते सांगा. तिला कळू द्या, म्हणजे तीही हसेल."

"सुनबाई. चारचौघांत हे शोभत नाही."

"चारचौघांतच चाललंय ते पाच वर्षं."

डोमाजी वहाणांसाठी उठले. "बसा डोमाजी," ती त्यांच्याकडे न पाहता म्हणाली. "दरवर्षी अर्धं ऐकून जाता. आज पूर्ण ऐका." डोमाजी बसले.

अण्णा उभे राहिले. राग त्यांच्या कानांपर्यंत चढला होता. सुनेचा, डोमाजीचा, डोकेदुखीचा, त्या रिकाम्या सतरंजीचा. "हे माझं दुःख आहे," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज त्यांनाच चिरका वाटला. "कोणाला त्याचं काही राहिलं नाही. मुलगा सकाळी चपला हातात घेऊन जातो, मला दिसत नाही असं वाटतं त्याला. मुलीला मुख्यमंत्री आपले वाटतात. माझ्या दुःखाला या घरात एक दिवस जागा नसावी?"

"आहे ना," सुनीती म्हणाली. "त्या बांबूवर आहे. मी ते काढा म्हणालेली नाही, कधी म्हणणारही नाही. पण ते माझ्या पोरीच्या डोक्यावर नको. दवाखान्यात तुम्ही तिला बघायला आला नाहीत. बारशाला नाव मात्र हे ठेवलंत. तिला वाटतं तिच्या येण्यानं तुमचं सगळं गेलं. आणि तुम्ही ते दरवर्षी लोकांना बोलावून सांगता."

बाहेरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

मग सुहासिनी पडद्यामागून आली. ती सरळ अण्णांपाशी गेली आणि लहानपणी गोळ्यांसाठी घालायची तसा तिनं त्यांच्या कोटाच्या खिशात हात घातला. अण्णांनी तिचं मनगट धरलं.

"सुहास. तू?"

"सोडा, अण्णा."

"तू सुद्धा?"

"हात दुखतोय," ती म्हणाली. मनगट तिनं मागे घेतलं नाही. "पोरगी कांदा घेऊन बसली होती हो अंधारात. कांदा. सोडा."

त्यांची बोटं ढिली झाली. सुहासिनीनं काडेपेट्या काढल्या आणि त्या घेऊन आत गेली. आतून माईंचा आवाज आला, पुटपुटल्यासारखा, अमावास्येबद्दल काहीतरी. मग काडी ओढल्याचा आवाज. पहिली विझली. दुसरी.

थोड्या वेळानं धूर माजघरातून ओसरीवर आला. पाठोपाठ तुपात रवा भाजल्याचा वास. अण्णांनी तोंड रस्त्याकडे वळवलं. ते उठून गेले नाहीत. उठून जायचं तर आत जावं लागलं असतं, किंवा रस्त्यावर.

सुनीतीनं पाट ओसरीवरच मांडला, काळ्या फडक्याच्या खाली, कारण सावली तिथेच होती. ठकूला तशीच बसवलं, जुन्या फ्रॉकवर, कुटारासकट. कुंकू लावलं, तांदूळ लावले, निरांजन ओवाळलं. ठकू निरांजनाकडे पाहत नव्हती. ती वाती ओलांडून अण्णांकडे पाहत होती, रागावले का ते बघत.

शिऱ्याच्या वाट्या आल्या. डोमाजींनी दंडावरची फीत सोडली, घडी करून खिशात ठेवली आणि मग वाटी घेतली. अण्णांना ते दिसलं.

"ठकू," ते म्हणाले. "इकडे ये."

ती आली, पण हात पोहोचेल त्याच्या थोडी पलीकडेच थांबली. ते वाकले. काय बोलायचं ते त्यांनी मनात दोनदा जुळवलं. शेवटी त्यांनी तिच्या केसांतली कुटाराची एक काडी काढली आणि ती आपल्या बोटांत धरून ठेवली.

"झालं?" ठकूनं विचारलं. "आता जाऊ?"

"कुठे?"

"मागे," ती म्हणाली.

*

सुनीतीनं ते ऐकलं. तिच्या हातात निरांजन होतं. ज्योत अजून तेवत होती. तिला वाटलं होतं, चूल पेटली की आतला हा जाळ कमी होईल. तो जरासुद्धा कमी झाला नव्हता. शिरा झाला, औक्षण झालं, सगळ्यांनी वाट्या चाटूनपुसून साफ केल्या, आणि ही पोर अजूनही मागच्या दाराचा रस्ता विचारते आहे.

ती आत गेली, निरांजन देवापुढे ठेवलं, पडवीचं दार लोटून घेतलं आणि कडी चढवली. कडी गंजलेली होती, दिवसा ती कधी कोणी लावत नसे. अंगठ्याचं कातडं सोललं.

"मागे नाही जायचं," ती ठकूला म्हणाली. ठकू तिच्या मागोमाग आली होती.

"काहून?"

"दार बंद आहे."

चुलीपाशी माई आणि सुहासिनी शेजारी शेजारी बसल्या होत्या, सकाळपासून पहिल्यांदाच गप्प. माईंनी स्वतःसाठी चहाचं आधण ठेवलं होतं. त्यांनी तिकडे पाहिलं नाही, की कडी कशाला असं विचारलंही नाही.

दहाच्या सुमाराला दाराला बाहेरून धक्का बसला. एकदा, मग पुन्हा. मग बोटांनी हलकी टकटक.

"अगं, मी आहे," कमलाकरचा आवाज. "कडी कोणी लावली?"

"मी."

"काढ ना. पाय भाजून राहिले."

"चपला घाला," सुनीती म्हणाली. "आणि पुढून या."

गोठ्यात बैलानं मान हलवली, घंटा वाजली.

"अण्णा बसले असतील ना ओसरीवर," तो दाराच्या फटीशी तोंड आणून म्हणाला. "डोमाजीबिमाजी."

"आहेत सगळे."

"मग?"

सुनीतीनं आवाज खाली केला नाही. "तुमची मुलगी विचारते, बाबा मागून का जातात. तिचं उत्तर तिनं काढून ठेवलंय, तुम्हाला मी मग सांगते. तुम्हाला ते आवडणार नाही. आत्ता फक्त पुढून या."

"सुनीती, हट्ट करू नको. आजच्या दिवशी—"

"आजच्याच दिवशी."

सुहासिनीनं हातातला पेला खाली ठेवला. माईंचं आधण उकळायला लागलं होतं आणि त्या ते उतरवायचं विसरल्या होत्या. सुनीतीला वाटलं, तो उभाच राहील. उभं राहणं त्याला चांगलं जमतं. पायाखाली फरशी तापते, तो एक पाय उचलतो, मग दुसरा, आणि सगळ्यांचं सगळं राहतं.

मग चपला जमिनीवर पडल्याचा आवाज आला. दोन. टाचा सरकवल्याचा. पावलं निघाली. चिंचेकडे निघाली असतील असं तिला वाटलं, पण नाही. ती भिंतीच्या कडेनं निघाली.

ठकूलाही ऐकू आलं. ती भिंतीशी कान लावून पावलांबरोबर आतून चालू लागली, स्वयंपाकघरातून माजघरात, माजघरातून मधल्या खोलीत. खिडकीखाली पावलं जरा थांबली तेव्हा तीही थांबली. पुन्हा निघाली तेव्हा तीही निघाली. कांदा अजून तिच्या मुठीत होता.

पावलं पुढच्या अंगणात वळली. ओसरीवरचं बोलणं बंद झालं. पायऱ्या तीन होत्या. पहिलीवर चपलेचा आवाज आला.

अण्णांची खुर्ची करकरली. ते उठले की नुसते वळले, हे आतून कळत नव्हतं.

ठकूनं पडदा बाजूला केला आणि ती बाहेर गेली. सुनीती मागच्या कडीवर हात ठेवून तशीच उभी राहिली.